बेसबॉलमधला नवा हिटर (फलंदाज) जोखायला बसण्याआधी

सगळ्यात आधी बॅटिंग ॲव्हरेज (यशस्वी फटक्यांचं प्रमाण) झाकून ठेवा. महिनाभरात चार सुमार फटके फील्डरांच्या मधे पडले की पोरगा .340 वर जातो, चार कडक फटके थेट हातात गेले की .220 वर येतो. ग्राउंड बॉलचं, म्हणजे जमिनीलगत गेलेल्या फटक्यांचं प्रमाण मात्र बॅटवरून मैदानात गेलेल्या ऐंशीएक चेंडूंत बऱ्यापैकी स्थिरावतं. तेवढे जमेपर्यंत वहीत मत लिहू नका, नुसती नोंद करा.

नोंदीसाठी कोन पाठ हवेत, म्हणजे चेंडू बॅटवरून किती अंशांत वर निघतो ते. 10 अंशांखाली ग्राउंड बॉल, 10 ते 25 लाइन ड्राइव्ह (सपाट फटका), 25 ते 50 फ्लाय बॉल (उंच फटका), त्यावर पॉप-अप, म्हणजे जवळपास फुकटचा आउट. 'चेंडू जमिनीलगत ठेव' ऐकत क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही सवय लागायला वेळ लागतो.

कोनाशेजारी बॅटवरून सुटलेल्या चेंडूच्या वेगाचा रकाना आखा. ताशी 95 मैल किंवा त्याहून जोरात गेलेला चेंडू हार्ड-हिट. सरासरी वेग आणि सर्वाधिक वेग वेगवेगळे लिहा. माझ्या लेखी सर्वाधिक वेग जास्त मोलाचा, कारण कोन बदलता येतो, अंगातली ताकद आणून बसवता येत नाही. व्लादिमीर गेरेरो ज्युनियर 2019 मध्ये विसाव्या वर्षी टोरंटो संघाकडून उतरला. फटके प्रचंड जोराचे, पण निम्म्याच्या आसपास जमिनीवर, होमरन (थेट कुंपणापार गेलेले फटके) 15. कुरकुर बरीच झाली. 2021 मध्ये चेंडू थोडा उचलला गेला आणि होमरन झाले 48! म्हणून जमिनीवर मारणारा प्रत्येक जण असाच फुलेल असं मात्र धरू नका, आणि प्रत्येकाला चेंडू उचलायला लावायचीही गरज नसते. ख्रिश्चन येलिच 2018 मध्ये निम्म्याहून जास्त ग्राउंड बॉल मारूनच एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला.

दिशाही टिपा. आयझॅक पारेदेसच्या फटक्यांचा वेग सरासरीहून कमी, तरी 2023 मध्ये टँपा बे संघाकडून 31 होमरन, ते डावीकडे, जिथे कुंपण जवळ असतं त्या कोपऱ्यात खेचलेल्या फ्लाय बॉलवर.

आता मैदान तपासा. अमेरिकेतल्या रीनो, अल्बुकर्कीसारख्या उंचावरच्या गावांत हवा विरळ, चेंडू लांब जातो, तिथले होमरन कापूनच मोजा. कॉलेजचा खेळाडू असेल तर त्याचे आकडे धातूच्या बॅटचे आहेत, व्यावसायिक खेळ मात्र लाकडी बॅटचा. उन्हाळ्यात तो केप कॉड लीगमध्ये (कॉलेज खेळाडूंची लाकडी बॅटची स्पर्धा) खेळला असेल, तर तिथल्या आकड्यांचा कागद शोधून वरती लावा.