लॉजचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी

मेळघाटाकडच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) एखाद्या भावाला नागपूरला बदली झाल्यावर फ्रीमेसन लॉजचे (गुप्त विधी असलेल्या फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचे) निमंत्रण आले, तर त्याने आधी शपथेचा मजकूर मागून वाचावा. कारण पुढे काय उघड होणार हे ठाऊक नसताना गुप्ततेची शपथ घेणे मत्तय 5:34 मधील ‘शपथ वाहूच नका’ या येशूच्या आज्ञेत बसत नाही, हा माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप आहे. (शपथेतील शारीरिक शिक्षेचे उल्लेख इंग्लंडच्या ग्रँड लॉजने (तिथल्या लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेने) 1986 मध्ये वगळले, हेही प्रामाणिकपणे लक्षात घ्यावे.) मग सदस्यत्वाच्या तिसऱ्या पदवीतील (पायरीतील) हिराम अबिफच्या, म्हणजे फ्रीमेसन कथेतील शलमोनाच्या मंदिराच्या मुख्य कारागिराच्या, मृत्यूचा विधी आणि येशूच्या नावाविना ‘विश्वाच्या महान शिल्पकारा’ला केलेली प्रार्थना पाहावी. कॅथलिकांपुरता प्रश्न मिटलेला आहे: फ्रीमेसन होण्यावरची चर्चची 1738 ची बंदी 1983 मध्ये पुन्हा स्पष्ट करण्यात आली आणि सदस्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. इतरांनी आपल्या पाळकांशी बोलावे.