पुस्तकातलं फूल कापडावर कसं आणावं

भरतकामाचं नवं पुस्तक चाळून जो हुरूप येतो तो साधारण संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत टिकतो. मग पुस्तक कपाटात जातं, त्याच्यासोबत आणलेल्या लड्याही जातात, आणि महिन्याभरानं "माझ्या हातात ती कलाच नाही" असा निकाल लागतो. मला हे पटत नाही. ज्या हाताला भाकरी थापता येते त्या हाताला साखळी टाका येतोच. अडतं ते एकाच जागी. पानावरचं फूल कापडावर नीट उतरत नाही. वाकडं येतं, पुसट येतं, नाहीतर डाग होऊन कायमचं बसतं. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि तिथं थांबते.

सुई, रिंग, कात्री, लड्या तुमच्याकडं आहेत असं धरून चालते. नसतील तर सोलापूरच्या नवी पेठेत एक फेरी मारा. कापड आधी धुऊन घ्या. हे सांगायला लागू नये, पण न धुता भरलेला टेबलक्लॉथ पहिल्या धुण्यात आटून चुरगळलेला बघितलाय मी.

पुस्तक कुठलं घ्यावं

ज्यात नुसते तयार कामाचे गुळगुळीत फोटो आहेत ते पुस्तक नव्हे, तो लग्नाचा अल्बम. बघायला छान, उपयोग शून्य. दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा घ्या. साखळी टाक्याचं पान उघडा, मजकुरावर तळहात ठेवा आणि फक्त चित्रं बघा. सुई कुठून वर आली, कुठं खाली गेली, दोरा सुईच्या कुठल्या बाजूला आहे, हे कळतंय? मग घ्या. नाही कळत? ठेवून द्या, लेखिका कितीही मोठी असू दे. जपानी भरतकामाची पुस्तकं या परीक्षेत सहज पास होतात. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही, पण रेखाटनं इतकी स्वच्छ आणि शेजारी दोऱ्याचे नंबर, पदर किती घ्यायचे त्याचे आकडे, की अडत नाही.

"५०० टाके" असल्या नावांना भुलू नका. दहा टाके पुरतात: धावदोरा, उलटी टीप, दांडी टाका, साखळी, लेझी डेझी, काजाचा टाका, हेरिंगबोन, सॅटिन, लांब-आखूड टाका आणि गाठीचा टाका. माझी कित्येक वर्षं या दहांवर गेली, अकराव्याची गरज क्वचित पडली.

नवीनच घ्यायला पाहिजे असंही नाही. रद्दीवाल्याकडं जुनी मासिकं येतात, त्यात कधी मधल्या पानात घडी घातलेली नक्षी निघते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जात असाल तर हस्तकलेचं काही आहे का ते एकदा विचारा. मागणी नाही म्हणून अशी पुस्तकं खालच्या कप्प्यात जातात.

आणि मोबाईल? गाठीचा टाका मी स्वतः मोबाईलवर बघायला सांगते, कारण डाव्या हातानं दोरा किती ताणायचा हे चित्रात येत नाही. पण बाकी सगळं मोबाईलवर शिकायचं म्हणजे दोन्ही हात अडकलेले आणि ऐन वेळी स्क्रीन काळी. पुस्तकावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला की पान तासभर उघडं राहतं.

वाचायचं ते सुई हातात घेऊन

मांजरपाटाची वीतभर रुंद, हातभर लांब पट्टी फाडा. रोज एक टाका, बोटभर लांबीच्या पाच ओळी. लडी ६ पदरी असते, त्यातले २ पदर काढा. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, तेवढाच. लांब घेतला की गुंता ठरलेला. चुकलेलं उसवायचं नाही. खाली बॉलपेननं पुस्तकाचा पान नंबर लिहायचा. पहिली ओळ आणि पाचवी ओळ शेजारी शेजारी दिसली की भीड आपोआप चेपते, दुसऱ्या कुणी शाबासकी द्यायची गरज उरत नाही.

नक्षी निवडा, मोजा, झेरॉक्स काढा

पुस्तकातली सगळ्यात सुंदर नक्षी पहिल्यांदा घेऊ नका. तळहाताएवढी, तीन-चार टाक्यांत भागणारी घ्या. मापाचं गणित सोपं आहे. पुस्तकात फूल ६ सेंटीमीटर आहे आणि तुम्हाला ९ पाहिजे, तर झेरॉक्सवाल्याला १५० टक्के सांगा. एक मात्र ध्यानात ठेवा, नक्षी वाढली की पाकळीही वाढते. सॅटिनचा टाका सेंटीमीटरभराच्या पुढं गेला की सैल पडतो, बांगडीत अडकतो. तिथं लांब-आखूड टाका वापरा किंवा पाकळीच्या मधून एक रेघ काढून तिचे दोन भाग करा.

छाप उतरवणं: इथंच सगळ्या जणी अडतात

मीही अडले होते. मावसबहिणीच्या रुखवतासाठी पांढरे अभ्रे भरायला घेतले. कुणीतरी सांगितलं, कार्बन पेपर ठेव आणि पेन फिरव. घरात होता तो ऑफिसातला, टायपिंगचा काळानिळा कार्बन. रेषा काय सुरेख उमटल्या! मग रिंग लावताना तळहात घासला आणि अख्ख्या अभ्र्यावर राखाडी ढग पसरला. तीनदा धुतला, रात्रभर भिजवला, ढग फिका झाला पण गेला नाही. शेवटी डाग झाकायला मी पानं भरत सुटले. त्या अभ्र्यावर पुस्तकात नव्हती इतकी पानं आहेत. रुखवतात सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा टायपिंगचा कार्बन कापडाजवळ आणू नका. शिवणाचा पिवळा किंवा निळा कार्बन वेगळा असतो, तो धुतला की बहुतेक वेळा जातो. तरी आधी कोपऱ्यावर करून, धुऊन बघा.

दुसरा सल्ला मिळतो खिडकीच्या काचेचा. कागद काचेला चिकटवा, वर कापड धरा, पेन्सिलनं गिरवा. वॉयलवर, छोट्या फुलासाठी ठीक. जाड कापडातून काही दिसत नाही, दहा मिनिटांत दंड भरून येतात आणि कापड सरकलं की वेल देठापासून तुटते. गडद पेन्सिल वापरली तर तिची काजळी पांढऱ्या आणि पिवळ्या दोऱ्यात शिरते.

तिसरा सल्ला पेनांचा. पाण्यानं जाणारं निळं पेन चांगलं आहे, पण त्याच्या रेषेवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसते. आधी साध्या गार पाण्यात खळबळून काढायचं, साबणसुद्धा नंतर. इस्त्रीनं जाणारं पेन दुसऱ्या टोकाचं. त्याची रेष उष्णतेनं जाते आणि कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. सोलापुरात थंडीची भीती कुणाला? आपलं दुखणं उलटं. मे महिन्यात अर्धं भरलेलं कापड मी स्कूटरच्या डिक्कीत ठेवून बाजारात गेले. दुपारी काढलं तर न भरलेली निम्मी नक्षी गायब.

खरी पद्धत मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अक्कांनी शिकवली. घरात यंत्रमाग, आणि अक्का साड्यांवर छाप मारून द्यायच्या. माझा डागाळलेला अभ्रा बघून हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "कागदाला भोकं पाडायची असतात गं. कापडाला कशाला त्रास?"

जरीकामवाले या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. युक्ती फार जुनी आहे. युरोपात नक्षीची छापील पुस्तकं १५२०च्या दशकात निघू लागली, तेव्हाही पानं सुईनं टोचून वरून पूड फिरवायचे. पुस्तकाचं पानच टोचायचे, म्हणून त्या पुस्तकांच्या प्रती आज फार थोड्या उरल्यात. तुम्ही पान टोचू नका, बटर पेपर घ्या.

बटर पेपरवर नक्षी टोकदार पेन्सिलनं गिरवा. खाली जाड आणि मऊ काहीतरी पाहिजे. आपल्याकडं त्यासाठी देवानं सोलापुरी चादर दिलीय. जुनी चादर चौपदरी घडी करून जमिनीवर घाला, वर कागद. सुईचं नेढं बाटलीच्या बुचात खोचा, म्हणजे धरायला मूठ होते आणि बोट सोलत नाही. आता रेषेवर टोचत चला, दोन भोकांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतर. सुई उभी धरायची. तिरकी धरली की भोक फाटतं आणि छाप रेघोटीसारखी येते. वळणावर भोकं जवळ, सरळ देठावर थोडी लांब चालतात. जिथं दोन रेषा मिळतात तिथं एकच भोक, दोन पाडली तर तिथं शाईचा थेंब साचतो. घाई करायची असेल तर आज हे काम काढूच नका. तळहाताएवढ्या फुलाला मला अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास वाचवायला गेलेली प्रत्येक बाई माझ्याकडं परत आलीय.

टोचून झालं की कागद उलटा करा आणि बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवा. टोचताना मागच्या बाजूला कागदाचे बारीक फुगवटे आलेले असतात. ते गेले नाहीत तर भोकं आपोआप मिटतात आणि शाई खाली जात नाही. ही पायरी मी वर्षभर गाळत होते आणि छाप पुसट आली की अक्कांच्या पद्धतीला दोष देत होते.

शाई म्हणजे नीळ आणि रॉकेल. नीळ पुडीची घ्या. बाटलीतली पातळ नीळ नको, ती कापड रंगवते. रॉकेल आता मिळत नाही म्हणून मी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घेते. गडद कापडावर निळीऐवजी झिंक ऑक्साईडची पांढरी पूड. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसपासून लांब बसा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करणारीला मी माझ्या घरात बसू देत नाही.

आता कापसाच्या बोळ्याचं. मिश्रण पातळ ताकासारखं कालवा, बोळा बुडवा आणि पिळा. मग परत पिळा. वर्तमानपत्रावर टेकवला तर ओला गोल डाग उमटता कामा नये, नुसती निळसर छटा यावी. दहातल्या नऊ छापा बिघडतात त्या ओल्या बोळ्यामुळं. पाणी झालेली शाई भोकातून खाली गेली की कागदाखाली पसरते, आणि कागद उचलेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कापड ताणून, चारी कोपरे सेलोटेपनं जमिनीला चिकटवा. कागदाची पॉलिश केलेली बाजू खाली, आणि तोही वरच्या कडेला टेपनं पक्का करा. बोळा गोल गोल, हलका फिरवा. घासायचं नाही, बाळाच्या अंगाला पावडर लावतो तसं. मग कागदाचा खालचा एकच कोपरा उचलून डोकावा. पुसट वाटलं तर कोपरा परत खाली सोडा आणि पुन्हा फिरवा. संपूर्ण कागद एकदा काढलात तर तो त्याच जागी परत बसवणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

छाप आली की पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. कागद लगेच साध्या टर्पेंटाइननं पुसून ठेवा, नाहीतर भोकं बुजतात. नीट ठेवलेला खाका वर्षानुवर्षं चालतो. माझ्याकडचा एक मोर पाच साड्यांवर, दोन फ्रॉकवर आणि एका झबल्यावर जाऊन आलाय.

या सगळ्याचा धसका घेतलाच असेल तर सुटकेची एक वाट आहे. सोलापुरात कानडी येता जाता कानावर पडते आणि इरकल घराघरांत आहे, तर कसुतीचं, म्हणजे कर्नाटकी भरतकामाचं, पुस्तक घ्या. तिला छापच लागत नाही, कापडाचे धागे मोजून टाके घालायचे. गवंती, मुरगी, नेयगे, मेंथे असे चार टाके, त्यातले गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. सुरुवातीला मॅटीच्या, म्हणजे मोठ्या विणीच्या, कापडावर करा, मोजायला सोपं जातं. पण वेलबुट्टीचा मोह आज ना उद्या होणार, तेव्हा टोचायला शिकावंच लागेल.

आणखी एक. सोलापुरी टॉवेलवर नाव भरायची हौस सगळ्यांना असते. त्याच्या फाशांवर छाप बसत नाही. बटर पेपरवर अक्षरं काढा, तो कागद टॉवेलवर टाचा, कागदासकट भरा आणि मग कागद फाडून घ्या. चादरीवर मात्र काही भरायला जाऊ नका, ती मागावरच भरून आलीय.

भरा आणि धुवा

भरायचं कसं ते तुमच्या पट्टीवर आहेच. आधी देठ, मग पानं, गाठीचे टाके सगळ्यात शेवटी. गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. इस्त्री उलट बाजूनं, आणि खाली जाडजूड टॉवेल दुमडून घाला, म्हणजे गाठी चेपत नाहीत.

मग पुस्तक परत उघडा आणि त्या नक्षीच्या समासात पेन्सिलनं लिहून ठेवा. माझ्या एका पानावर असं आहे: "१५० टक्के. २ पदर. देठाला साखळी नको, दांडी टाका घे. बोळा ओला होता." पुस्तक वाचनालयाचं असेल तर हे वहीत लिहा.