सिंगल माल्ट चाखायची तर आधी कूलर बंद करा

नागपूरच्या कळमना बाजारात मी पंचवीस वर्षं संत्र्यांची अडत करतो. ढिगातलं एक फळ उचलायचं, सालीला नख लावायचं, नाकाशी न्यायचं आणि मगच बोली. सिंगल माल्ट व्हिस्कीही मी अशीच पारखतो. नव्याने चाखणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की भाऊ, आधी नाकाचं ऐका.

सुरुवातीला ग्लेनफिडिच १२, ग्लेनलिवेट १२ किंवा ग्लेनमोरांजी ओरिजिनल घ्या. तिन्हींत धुराचा वास नसतो, त्यामुळे फळांचा वास ओळखायला सोपा जातो. ‘सिंगल’ म्हणजे एकाच डिस्टिलरीची आणि ‘माल्ट’ म्हणजे फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीची. स्कॉच म्हणवून घ्यायला ती स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. बाटलीवरचा १२ हा आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय सांगतो. रंग बघून मात्र भुलू नका. त्यात कॅरॅमलचा रंग घालायला तिथल्या कायद्याची परवानगी आहे. आमच्याकडेही मेण लावून संत्र्याला चमक आणतातच की.

नागपुरात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की घरातली बाटलीही कोमट होते. कोमट व्हिस्कीतून अल्कोहोल भसकन उडतं, नाकात झोंबतं आणि फळाचा नाजूक वास त्याखाली दबतो. वर कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास. मला तो फार आवडतो, पण त्या खोलीत माल्ट कळत नाही. उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून वीसेक अंशांवर आणा आणि कूलर तासभर आधी बंद करा. जमलं तर सरळ डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ धरा.

माझी पहिली ग्लेनफिडिच मी सावजी मटणाच्या पंगतीत उघडली होती, बर्फ आणि सोडा घालून. तर्रीने जीभ पेटलेली, बर्फाने वास मेलेला. फिकी आहे म्हणून मी बाटली कपाटात मागे सारली. दोन महिन्यांनी, जानेवारीत, नुसतीच चाखली तेव्हा पिकल्या नासपतीचा वास इतका स्वच्छ आला की त्या बाटलीवर मी अन्याय केला होता हे लक्षात आलं. तेव्हापासून चाखायच्या दिवशी तिखट, कांदा, अत्तर, काहीच नाही.

ग्लास खाली फुगीर, वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखायचा खास ग्लास नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल. ३० मिली पुरे. ग्लासात एकदम नाक खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा. जो वास येईल त्याला आपल्या घरातलं नाव द्या. अमेरिकन ओकच्या, आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मुरवलेल्या पिंपातून व्हॅनिला येतो, मला तो कस्टर्ड पावडरीच्या डब्यासारखा वाटतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाची झाक मला वाळवलेल्या मोहफुलांत सापडली. कुणाला मनुका आठवतील, तेही बरोबरच.

पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा दहा सेकंद तोंडात फिरवा. मग चमच्याने पाण्याचे चार थेंब घाला. नळाचं नको, त्याला क्लोरीनचा वास असतो. २०१७ साली स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हा वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. पाण्याआधीचा आणि नंतरचा वास यातला फरक वहीत लिहा.

आता निवाडा. गिळल्यावर चव लवकर विरली तर अशा सुरुवातीच्या माल्टचा तो दोष मानू नका. कच्च्या स्पिरिटचा चटका किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास राहिला तर मात्र मी गुण कापतो. एकटी बाटली पारखणं अवघड, म्हणून दोन शेजारी ठेवा. आमच्याकडे बायको ग्लासांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवते आणि जागा बदलते. ग्लेनमोरांजी मला बहुतेक वेळा ओळखू येते. तिच्या गाळण्याच्या भट्ट्यांच्या माना ५ मीटरहून उंच, त्यामुळे जड वाफ परत खाली पडते आणि हलकी तेवढी पुढे जाते.

ग्लास रात्री धुऊ नका. पहाटे बाजाराला निघण्याआधी मी तो पुन्हा हुंगतो. अल्कोहोल उडालेलं असतं, तळाशी मध आणि लाकूड उरतं. ग्लेनमोरांजीच्या ग्लासात एकदा आंबिया बहाराच्या संत्र्याच्या सालीला पहिलं नख लागावं तसा वास आला, आणि तासाभरात तोच वास कळमन्याच्या ढिगावर भेटला.