दुकानाच्या नावाने आलेला मेल खरा की खोटा, कसं ओळखाल?

'तुमची ऑर्डर अडकली आहे, २४ तासांत पत्ता पक्का करा.' 'ही महागडी खरेदी तुम्ही केली नसेल तर इथे दाबा.' 'तुमचा रिफंड तयार आहे.' ऑनलाइन दुकानाच्या नावाने येणारे फसवे मेल बहुधा याच साच्यातले असतात. वाचणाऱ्याला घाई करायची आणि समोर बटण ठेवायचं, एवढंच त्यांचं तंत्र. म्हणून ते बटण दाबूच नका. दुकानाचं ॲप उघडा किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून 'माझ्या ऑर्डर' बघा. दुकानाचं नाव शोधून सगळ्यात वरच्या लिंकवर जाऊ नका, ती कुणा भामट्याने दिलेली जाहिरातही असू शकते. ऑर्डर खरोखर अडकली असेल, तर ते खात्यात दिसेलच.

तरीही मेल तपासायचा असेल, तर आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. मेलवर दिसणारं नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो, आणि फोनवर बऱ्याचदा तेवढंच दिसतं. नावावर टॅप केलं की पूर्ण पत्ता उघडतो.

मग लिंक. कॉम्प्युटरवर माउस नुसता लिंकवर न्या, खरा पत्ता खालच्या कोपऱ्यात दिसतो. फोनवर लिंक दाबून धरा. आता पहिली एकेरी तिरकी रेघ (/) शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. समजा पत्ता 'दुकान डॉट कॉम डॉट ऑर्डर-तपासा डॉट नेट' असा आहे. सुरुवातीला दुकानाचं नाव दिसतं, पण साइटचा मालक शेवटच्या दोन तुकड्यांवरून ठरतो, म्हणजे ही साइट 'ऑर्डर-तपासा डॉट नेट'ची. (काही देशांच्या पत्त्यांत शेवटचे तीन तुकडे धरावे लागतात.) 'दुकान-सपोर्ट डॉट कॉम'सुद्धा दुकानाचं नव्हे, ते नाव कुणीही विकत घेऊ शकतं. इंग्रजी अक्षरांचीही फसगत होते: आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो, एलच्या जागी १ आणि ओच्या जागी शून्य सहज खपून जातं.

खरी दुकानंही जाहिरातीच्या मेलमध्ये भलत्याच पत्त्याच्या लिंक वापरतात, त्यामुळे या तपासणीतून दर वेळी पक्कं उत्तर मिळतंच असं नाही. शंका उरली की पुन्हा ॲपच उघडा.

काही ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर मुळीच विसंबू नका. तुमच्या आणि साइटच्या मधली माहिती तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. साइट चोराची असली तरी कुलूप दिसतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं, ते याच गैरसमजामुळे. अशुद्ध भाषेवरून मेल ओळखण्याचे दिवसही गेले, आता खोटे मेल अगदी सफाईदार भाषेत येतात.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप, मात्र जरूर वापरा. तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळवतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर तो हाताने टाइप करू नका. थांबा आणि पत्ता नीट वाचा. दुकान पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने लॉगिन करण्याची सोय) देत असेल तर ती घ्या, कारण ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही. ओटीपीचं तसं नाही: खोट्या पानावर टाकलेला ओटीपी चोर त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतो.

काही मेलमध्ये लिंकच नसते. नुसतं बिल जोडलेलं असतं आणि 'ऑर्डर रद्द करण्यासाठी फोन करा' म्हणून नंबर. फोन केला की समोरचा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो. मेलमधला क्यूआर कोडही लिंकच समजा.

लिंक उघडली पण काही भरलं नाही, डाउनलोडही केलं नाही, तर सहसा नुकसान होत नाही. पासवर्ड दिला असेल तर खऱ्या साइटवर तो लगेच बदला, 'सर्व उपकरणांतून लॉगआउट' करा, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथलाही बदला. कार्डाचा तपशील दिला असेल तर कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून आधी कार्ड बंद करा. ॲप टाकलं असेल तर इंटरनेट तोडा, ॲप काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. ईमेलचाच पासवर्ड गेला असेल तर सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंगही तपासा. चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतात, आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्यांच्याकडे जात राहतात.