पूल ओलांडण्यापूर्वी: मिशिगनच्या उत्तरेतल्या आरव्ही प्रवासाची दोघांसाठी यादी

मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या भागात, आरव्हीने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) जायचं ठरलं की आधी तारखा पक्क्या करा, सामानाचं नंतर बघू. स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी सुरू होतं आणि जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारच्या पाण्याजवळच्या जागा भराभर जातात. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल, दोघंच असाल, तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावर जा असं मी आग्रहाने सांगेन. मे-जूनमधल्या चावऱ्या काळ्या माश्या तोवर संपलेल्या असतात, गर्दी ओसरते आणि सप्टेंबरअखेर मेपल लाल व्हायला लागतात. फक्त निवडलेलं कॅम्पग्राउंड तेव्हा चालू असेल ना, आणि नळाचं पाणी बंद केलेलं नसेल ना, हे आधी विचारून घ्या.

मार्ग मोठा आखू नका. सेंट इग्नेसला स्ट्रेट्स स्टेट पार्क, जिथून पूल समोर दिसतो. मग पॅराडाइज गावाजवळचा ताक्वामेनन धबधबा. मग मस्कलंज लेक स्टेट पार्क, जिथे एका बाजूला छोटं तळं आणि चालत जाण्याच्या अंतरावर दुसऱ्या बाजूला अफाट लेक सुपीरियर. पुढे ग्रँड मरे आणि म्युनिसिंग. एवढं भरपूर झालं. प्रत्येक मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. आरव्हीत रोज बिऱ्हाड उचलायचं म्हणजे रोज पाण्याचा पाइप, विजेची केबल, ठोकळे काढा आणि पुन्हा लावा. त्यात अर्धा दिवस जातो आणि तळं बघायचं राहून जातं.

गाडी भाड्याने घेताना दोघांना क्लास सी पुरते, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, पंचवीस फुटांच्या आतबाहेरची. साधा लायसन्स चालतो. करारात रोजचे किती मैल धरलेत, जनरेटरचे तास वेगळे मोजतात का, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण भाड्यात येतं का, हे वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे आणि छताचे फोटो काढा. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची विचारा आणि ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. जुना पूल, पेट्रोल पंपाचं छप्पर, बँकेचा ड्राइव्ह-थ्रू आला की त्या कागदाकडेच नजर गेली पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. आरव्हीत पाणी, वीज आणि सांडपाणी मोजकं असतं. त्यांचा हिशोब दोघांनाही आला की बाकीची यादी सोपी आहे. एकालाच येत असेल तर तो दमतो आणि दुसरा नुसता बघत राहतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी दारात उभी असतानाच प्रत्येक काम दोघांनी आलटून पालटून करून बघा.

विजेपासून सुरुवात करा. बहुतेक क्लास सी गाड्या 30 अँपियरच्या असतात, म्हणजे 120 व्होल्टला साधारण 3600 वॉट. एकटा एसीच दीड हजाराच्या आसपास खातो, इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात 1800 घेते. त्यावर कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. म्हणून कुकर लावायचा तर एसी बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. सर्ज प्रोटेक्टर आणि 50 अँपियरच्या जोडणीला 30 ची केबल लावायचा अडॅप्टर बरोबर असू द्या. फ्रीज बऱ्याचदा अमोनियावर चालणारा असतो. तो गार व्हायला कित्येक तास घेतो आणि गाडी एकीकडे कललेली असेल तर नीट चालत नाही. त्यामुळे आदल्या रात्रीच चालू करून ठेवा, आणि कॅम्पग्राउंडवर चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून गाडी समतल करणं टाळू नका.

पाण्याला थोडा जास्त वेळ द्या. चाळीस गॅलनची टाकी भरली तर सुमारे 150 लिटर, म्हणजे दीडशे किलो वजन तुम्ही घाटवळणांतून उगाच वाहून नेता. वाटेपुरतं थोडं भरा, बाकीचं कॅम्पग्राउंडच्या नळावर. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप वेगळा हवा आणि त्याच्या तोंडाशी प्रेशर रेग्युलेटर, कारण काही ठिकाणी नळाचा जोर आतले सांधे सैल करेल इतका असतो. वापरलेलं पाणी दोन टाक्यांत जातं, सिंक-शॉवरचं ग्रे टाकीत आणि संडासाचं ब्लॅक टाकीत. आपल्या पाणी वापरण्याच्या सवयीचा इथे उपयोगच होतो. ब्लॅक टाकीत पाणी भरपूर आणि कागद कमी असेल तर ती रिकामी करताना तुंबत नाही. ग्रे टाकीला मात्र आपलं जेवण जड जातं. कढई-तव्याचं तेल, हळद, डाळीचा साका आधी पेपर टॉवेलने पुसून कचऱ्यात टाका आणि मगच भांडं सिंकमध्ये ठेवा.

डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, घाई करायची नाही. जाड हातमोजे घाला, पाइपचं एक टोक गाडीला फिरवून बसवा, दुसरं जमिनीतल्या भोकात नीट अडकवा आणि ते हलत नाही याची खात्री करा. आधी ब्लॅकचा खटका ओढा. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा, मग खटका बंद. त्यानंतर ग्रे सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दोन्ही खटके बंद झाल्यावरच पाइप काढायचा. मुक्कामी ब्लॅकचा खटका कायम बंद ठेवावा, उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी चिकटून बसतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या पाइपच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. शक्य असेल तर एकाने सांडपाण्याला हात लावावा आणि दुसऱ्याने पिण्याच्या पाण्याला.

स्वयंपाकाचं सामान डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय किंवा ट्रॉयमधूनच भरून घ्या. पूल ओलांडल्यावर गोडा मसाला, तूरडाळ, कढीपत्ता मिळेल हे धरून चालू नका. लहान कुकर, भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन, लोणचं, एवढ्यात दोघांचा आठवडा निघतो. फोडणी गाडीबाहेर द्या. आत दिली की स्मोक अलार्म ओरडतो आणि हिंगाचा वास गादीत मुरतो. त्यासाठी एक बर्नरची गॅसची शेगडी आणि वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा पुरतो. पण हा अस्वलांचा मुलुख आहे. जेवण झालं की शेगडी, ताटं, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, काहीही टेबलावर सोडायचं नाही.

मासे खात असाल तर तळ्यातला व्हाइटफिश ताजा घ्या. गोड्या पाण्याचा असला तरी तिखट-मीठ-हळद आणि रवा लावून तव्यावर उत्तम होतो. गावागावांत पास्टी मिळते. तांब्याच्या खाणींत काम करायला आलेल्या कॉर्निश मजुरांनी ती इथे आणली, मोठ्या करंजीसारखी, आत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद. शाकाहारी असाल तर आधी विचारा, काही दुकानांत भाज्यांची करतात.

पुलाची तयारी वेगळी करा. 1 नोव्हेंबर 1957 रोजी खुला झालेला हा पूल सुमारे पाच मैल लांब आहे आणि वारा जोराचा असेल तेव्हा आरव्हीसारख्या उंच गाड्यांना थांबवतात किंवा सोबतीच्या गाडीमागून हळू नेतात. निघायच्या सकाळी वाऱ्याचा इशारा बघा. पुलावर बाहेरची लेन धरा, आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, तिच्यावर टायर गुणगुणतात आणि नवख्याचा हात घट्ट होतो. पुढे सीनीकडून पश्चिमेला जाणारा रस्ता पंचवीस मैल जवळजवळ सरळ, तिथे डोळा लागू शकतो, म्हणून त्याआधी चालवणाऱ्याची अदलाबदल करा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. हरणं रस्त्यावर येतात आणि न्यूबेरीच्या बाजूला मूस हे थोराड हरीणही.

रिव्हर्स घेताना बाहेर उभं राहून खुणा करणाऱ्याचं ऐकायचं, हे आधी ठरवून टाका. हात वर म्हणजे थांब, आणि आरशात जोडीदार दिसेनासा झाला तरी थांब. ओरडून सांगणं ऐकू येत नाही, त्यातून उगाच वाद होतात, आणि फोनचं सिग्नल तिथे बऱ्याच ठिकाणी नसतं. साध्या वॉकीटॉकीची जोडी घ्या. नकाशे आणि बुकिंगचे कागद फोनमध्ये उतरवून ठेवा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. विस्कॉन्सिनला लागून असलेल्या चार काउंट्यांत घड्याळ एक तास मागे असतं. तितक्या पश्चिमेला जाणार असाल तर मुक्कामाची वेळ त्या हिशोबाने धरा.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. 2002 साली डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एमराल्ड अॅश बोरर ह्या किड्याने अॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत आणि तो पसरतो तो लाकडाबरोबर. पोहोचाल तिथेच मोळी घ्या. रस्त्याकडेला मोळ्या आणि शेजारी पैशांची पेटी ठेवलेली असते, त्यासाठी सुटे डॉलर बाळगा.

लेक सुपीरियरचं पाणी ऑगस्टमध्येही अंग बधिर करण्याइतकं गार असतं. पोहायचा मोह आवरा, लाटा असतील तर नक्कीच. पॅराडाइजजवळच्या व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात एडमंड फिट्झजेराल्ड ह्या जहाजाची घंटा ठेवली आहे. 10 नोव्हेंबर 1975 च्या वादळात ते 29 माणसांसह बुडालं. ती घंटा पाहिल्यावर ह्या पाण्याची ताकद कळते, म्हणून ते ठिकाण वगळू नका. रात्रीसाठी जुलैतही स्वेटर हवा. काठावर सुंदर दगड दिसतील. म्युनिसिंगजवळच्या पिक्चर्ड रॉक्स नॅशनल लेकशोरच्या हद्दीतून एकही उचलायचा नाही. राज्याच्या जमिनीवरून माणशी वर्षाला 25 पौंडांपर्यंत चालतात.

प्रत्येक मुक्काम सोडताना एकाने फेरी मारायची आणि दुसऱ्याने तीच पुन्हा: गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर गुंडाळलं, पायरी आत, छताची झाकणं बंद, पंप बंद, कपाटं-फ्रीजच्या कड्या लागल्या, केबल आणि पाइप सुटले, चाकांचे ठोकळे उचलले. गाडी परत करताना दोन्ही टाक्या आदल्या कॅम्पग्राउंडवरच रिकाम्या करा, पेट्रोल आणि प्रोपेन करारात लिहिल्याइतकं भरा, आणि गाडी देण्याआधी पुन्हा चारी बाजूंचे फोटो काढून घ्या.