'मान्य केले' म्हणजे नेमके काय? : महासत्तांच्या संबंधांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

एम.ए.साठी पुण्यात आलो तेव्हा महासत्तांच्या राजकारणाबद्दलची माझी मते पक्की होती, वाचन मात्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून कापून ठेवलेल्या अग्रलेखांपुरते होते. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी ठामपणे सांगितले, की अमेरिका आणि चीन यांच्या १९७२ च्या संयुक्त शांघाय निवेदनात अमेरिकेने तैवान हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. सरांनी एवढेच विचारले, "मूळ निवेदन वाचले आहे का?" ते मी वाचले नव्हते.

त्याच संध्याकाळी ते वाचायला घेतले. २८ फेब्रुवारी १९७२ च्या त्या निवेदनाचा बराच भाग दोन्ही देशांनी आपापल्या परस्परविरोधी भूमिका मांडण्यासाठी वापरला आहे, आणि मतभेद झाकण्याऐवजी ते लिहून काढायचे ही पद्धतच मला नवी होती. तैवानच्या परिच्छेदात अमेरिकेचे क्रियापद 'अ‍ॅकनॉलेज' असे आहे. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे असे मानतात, याची अमेरिका दखल घेते आणि त्या भूमिकेला आव्हान देत नाही, असा त्याचा आशय आहे. १ जानेवारी १९७९ पासून राजनैतिक संबंध प्रस्थापित करणाऱ्या निवेदनात हा फरक अधिक उघड होतो, कारण तिथे बीजिंगच्या सरकारला चीनचे एकमेव कायदेशीर सरकार म्हणून अमेरिका 'रेकग्नाइज' करते, म्हणजे अधिकृत मान्यता देते, तर तैवानबद्दलची चीनची भूमिका केवळ 'अ‍ॅकनॉलेज' करते. चिनी मसुद्यात मात्र या दोन्ही जागी 'छंगरन' हा एकच शब्द आहे. आपले 'मान्य करणे'ही असेच दोन्हीकडे चालून जाते, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली होती.

म्हणून नवीन विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असे, की एक वही केवळ क्रियापदांसाठी ठेवावी; डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे आपला मराठी पर्याय, आणि तो अपुरा वाटत असेल तर का, तेही लिहावे. साहित्याची अडचण पडत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते १८६१ पासून आपल्या राजनैतिक कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध करत आले आहे आणि त्यांतले बहुतेक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

दुसरी सवय थोडी कष्टाची आहे: एकाच भेटीची दोन्ही बाजूंची टिपणे शेजारी ठेवून वाचावीत. २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेला पेच टोकाला गेलेला असताना, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ आणि अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत हलवता येतील, पण हे जाहीर करता येणार नाही, असे केनेडींनी सांगितल्याचे दोब्रिनिन यांच्या मॉस्कोला गेलेल्या तारेत आहे. केनेडींच्या ३० ऑक्टोबरच्या टिपणाच्या मसुद्यात याच मुद्द्यावरचे वाक्य खोडलेले आहे. ती खोडलेली ओळ पाहिल्यावर, कागद कोणी, कोणासाठी आणि काय गाळून लिहिला, हे विचारल्याशिवाय मी एकही दस्तऐवज वापरलेला नाही.

त्या पेचानंतर २० जून १९६३ रोजी जिनिव्हात वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइनचा, म्हणजे दोन्ही सरकारांमधल्या थेट संपर्काच्या लाइनचा करार झाला. लाल टेलिफोनचे चित्र आपल्या मनात घट्ट बसले असले, तरी प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची लाइन होती. मॉस्कोने रशियनमध्ये लिहायचे, वॉशिंग्टनने इंग्रजीत, आणि भाषांतर ज्याच्या हाती संदेश पडेल त्याने करायचे. घाईत बोललेल्या शब्दापेक्षा लिहिलेला शब्द बरा, हा विचार मला त्यामागे दिसतो. हे कळल्यावर मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनच्या प्रारंभिक वर्गाला नाव घातले. करिअरच्या दृष्टीनेही, स्पर्धा परीक्षा द्यायची असो, संशोधन करायचे असो की अनुवाद, प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाची भाषा लवकर सुरू करावी. मी ती उशिरा केली याची खंत आहे.

त्या कराराची इंग्रजी आणि रशियन अशा दोन्ही भाषांतली संहिता अधिकृत आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी रशियन संहिता शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आणि लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा तारमार्ग सांगणारी जोडपत्रातली ओळ शब्दकोश न उघडता समजली.