घरच्या टाकीत युरोपच्या ओढ्यातले मिनो कसे पाळावेत

मिनो हा युरोपातल्या थंड, खळाळत्या ओढ्यांतला बोटभर लांबीचा मासा. जर्मनीत त्याला एल्रित्झे म्हणतात. ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहत असाल, तर घरी जरूर पाळा. पुण्या-मुंबईत मात्र नको, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचे हाल होतील.

१. टाकी उंच नको, लांब हवी. निदान १ मीटर, कारण हा मासा सतत पोहतो. तळाशी धुतलेली वाळू, खडी आणि गुळगुळीत गोटे पसरा. झाकण घट्ट बसवा, मिनो उड्या मारतो.

२. खरं काम पाण्याचं. हीटर लागतच नाही. उलट पाणी २० अंशांच्या खाली ठेवायचं असतं, म्हणून टाकी घरातल्या सर्वांत गार खोलीत, ऊन आणि रेडिएटर (खोली गरम करणारं यंत्र) यांपासून दूर ठेवा. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि मिनोला तो भरपूर लागतो. फिल्टरचं पाणी टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जोरात वाहू द्या, वरचा थर हलता राहिला पाहिजे. प्रवाह जमला की सगळा थवा त्याच्याकडे तोंड करून, शेपट्या हलवत एकाच जागी टिकून राहतो. बघतच राहावं असं ते दृश्य असतं! मोठ्या गोट्यामागे थोडं संथ पाणीही ठेवा, मासे तिथे विसावतात.

३. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी ते काढा. मग पाणी भरलेल्या टाकीत मासे न सोडता फिल्टर ४ ते ६ आठवडे चालवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. तेवढ्यात अमोनिया, म्हणजे खाद्य आणि विष्ठेतून निघणारं विषारी द्रव्य, पचवणारे जीवाणू वाढतात. चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी, नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासे आणू नका.

४. मासे नदीतून पकडू नका. जर्मनीतल्या काही राज्यांत मिनोला वर्षभर संरक्षण आहे. पैदास केलेले ८-१० मासे विकत घ्या. एकटा-दुकटा मिनो बुजून कोपरा धरतो.

५. जाळीने त्यांचा पाठलाग करू नका. मिनोची कातडी फाटली की पाण्यात एक द्रव्य उतरतं आणि सगळा थवा भेदरतो. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८मध्ये हे याच माशावर दाखवून दिलं.

६. खायला डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), गोठवलेल्या अळ्या, थोडं कोरडं खाद्य. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. हिवाळ्यात पाणी चांगलं गार होऊ द्या, म्हणजे वसंतानंतर नरांची पोटं लालभडक होतात.

घर बदलताना मासे ओढ्यात सोडू नका. टाकीतले रोग तिथल्या माशांना लागतात. दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या.